पाळण्यातले पाय दिसतात, पाळणा कुठे टांगलाय ते कोण बघणार?

आमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच गावचा रस्ता जातो, दिवसातनं आठ-दहा ट्रॅक्टर तरी जातातच, कोणाचं शेणखत, कोणाचा कडबा, कोण नांगरायला चाललेलं. पोरांना सवय झालेली असते, कोणी मान पण वर करत नाही. पण मागे माझ्याकडे चौथीला एक पोरगा होता, तो ट्रॅक्टरचा आवाज आला की उठून उभा राहायचा. बाकी काही नाही, नुसता उभा. वाचन चालू असू दे, चाचणी चालू असू दे, नाहीतर खिचडीचं ताट पुढ्यात असू दे. बस म्हटलं की बसायचा, पुढचा ट्रॅक्टर आला की परत उभा. मला वाटायचं मस्ती आहे. माझ्याच अक्षरात नोंदवहीत लिहिलेलं आहे, 'एकाग्रता नाही, वर्गात सारखा उठतो, सूचना पाळत नाही.' आणि खोटं कशाला बोलू, दोन-चारदा पाठीत धपाटे पण घातलेत मी.

मी बीड जिल्ह्यातला झेडपीचा मास्तर. ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आमच्या गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, ती उचल फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर, मार्च-एप्रिलला परत. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मधला सगळा गाभा पोरगं कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत काढतं. गावात राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, काही पोरं आजीपाशी राहतात, पण ज्याला बारकं भावंडं आहे ते बऱ्याचदा सोबत जातंच, कारण आई फडात गेल्यावर बारक्याला धरायचं कोणी.

तर त्या वर्षी निघायच्या आधी त्याची आई शाळेत आली, शिक्षण हमी कार्ड न्यायला, पोराला काय काय येतं ते लिहून त्याच्यासोबत पाठवतात ते. मी सहज तक्रारीच्या सुरात म्हटलं, ताई, हा ट्रॅक्टर आला की उठून उभा राहतो, काय भानगड आहे? ती आधी हसली. मग म्हणाली, "सर, फडावर रातच्याला कवा बी गाडी येती. गाडी आली की आमी दोघं भराया जातो, मग बारकीला ह्योच उचलून बाजूला घेतो. मागल्या साली शेजारच्या कोपीतलं लेकरू मागं येणाऱ्या गाडीखाली जाता जाता वाचलं, तवापासून ह्याची झोपच उडली."

मी काही बोललो नाही. कार्डावर सही केली आणि दिलं.

पण गोष्ट इथेच संपली असती तर सोपं होतं. मला वाटलं हां, आता कळलं, पोरगं घाबरलेलं आहे, परिस्थितीने असं केलंय. मग पुढच्या आठवड्यात त्याची आजी भेटली आणि तिने वेगळंच सांगितलं, हा म्हणे पाळण्यात पण ठरत नव्हता, झोळीतनं दोनदा खाली पडला, आणि "ह्याचा चुलता बी आसाच व्हता, एका जागी बूड टेकलं नाही त्याचं कधी." आता बोला. त्यात त्याला ध आणि घ मधला फरक कळत नव्हता, भ आणि म उलटेपालटे व्हायचे, काना-मात्रा वाऱ्यावर. पण उचल किती, फिटली किती, राहिली किती हा हिशेब तोंडी, माझ्या आधी सांगायचा.

मग हा पोरगा जन्मतःच तसा, की परिस्थितीने तसा झाला? स्टाफरूममध्ये, पालक सभेत, आणि आजकाल मोबाईलवर सगळीकडे लोक हाच प्रश्न विचारतात. माझं म्हणणं असं आहे की या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आपण पोरांची वर्षं घालवतोय, आणि त्याहून वाईट म्हणजे आपली सगळी सरकारी यंत्रणाच या प्रश्नावर दोन खिडक्यांत वाटून ठेवलीय. मेंदूत काही वेगळं असेल तर एका खिडकीत जा, सर्टिफिकेट काढा. घरात काही वाईट असेल तर दुसऱ्या खिडकीत जा, बालकल्याण समितीकडे. आणि ज्याच्याबाबत दोन्ही खरं आहे ते पोरगं दोन्ही खिडक्यांच्या मधे उभं, तरुण होईपर्यंत. तरुण झाल्यावर मग आपण म्हणतो आजकालच्या पिढीला स्ट्रेस झेपत नाही, मोबाईलने वाट लावली.

मोबाईल, परीक्षा, ब्रेकअप हे सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राच्या एनसीआरबीच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, त्यात १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, म्हणजे राज्यांत सगळ्यात जास्त. आकडा आला की दोन दिवस चर्चा होते, कोचिंग क्लासवाल्यांना शिव्या पडतात, शाळेत समुपदेशक नेमा अशी मागणी होते. समुपदेशक नेमायलाच पाहिजे, वाद नाही. पण अमेरिकेत रोनाल्ड केसलर यांच्या टीमने २००५ मध्ये जे मांडलं ते लक्षात घ्या, आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्यांची सुरुवात १४ व्या वर्षाच्या आत झालेली असते. १४ म्हणजे आमची आठवी-नववी. म्हणजे दहावी-बारावीला आपण ज्याला सुरुवात समजतो तो निम्म्या पोरांच्या बाबतीत मधला भाग असतो. बाय द वे, बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ ला जो राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे केला त्यात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार दिसला होता, पण त्या सर्व्हेच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. आपल्या पोरांचं कोणी मोजलंच नाही त्यात.

बरं, लहानपणी जे सोसलं त्याचा पुढे परिणाम होतो हे आपल्या आज्यांना पण माहीत होतं. मग त्यावर मोठा अभ्यास झाला तो अमेरिकेत सॅन दिएगोला, विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा या दोन डॉक्टरांनी केलेला, १९९८ ला छापून आला. दोन फेऱ्यांत मिळून १७ हजारांवर माणसांना विचारलं, लहानपणी घरात मारहाण होती का, लैंगिक अत्याचार, दारू, आईला मारणं, कोणी जेलमध्ये, आई-बाप वेगळे वगैरे, आणि प्रत्येक हो ला एक मार्क. मार्क जितके जास्त तितकं पुढे डिप्रेशन, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, अगदी हृदयरोगाचं पण प्रमाण जास्त. हे लोक गरीब नव्हते हे महत्त्वाचं, बहुतेक शिकलेले, नोकरीवाले, विमा असलेले. मध्यमवर्गीय लोकांनी हे जरा दोनदा वाचावं.

पण त्या अभ्यासाचा जो धंदा झालाय तो मला पटत नाही. आता ऑनलाइन दहा प्रश्नांची टेस्ट देतात, तुमचा स्कोअर किती, चारच्या वर असेल तर संपलंच. खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये लिहिलं की हा स्कोअर एकेका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका, तो समाजाचं चित्र कळायला आहे. साधी गोष्ट आहे, गावात किती पाऊस पडला यावरून अमक्याच्या विहिरीला पाणी लागेल की नाही हे सांगता येत नाही.

मला स्वतःला जास्त उपयोगी वाटलेली मांडणी म्हणजे केटी मॅकलॉफलिन आणि मार्गारेट शेरिडन या दोघी मानसशास्त्राच्या संशोधकांची. त्या म्हणतात की लहानपणचा त्रास सगळा एकाच पोत्यात भरू नका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक धास्ती आणि एक उणीव. धास्ती म्हणजे मार, भांडण, जीवाला धोका. उणीव म्हणजे मुलाशी बोलायला कोणी नाही, खेळायला काही नाही, त्याने हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही. धास्तीत वाढलेल्या मेंदूचा अमिग्डाला नावाचा जो अलार्म आहे तो जरा जास्तच चलाख होतो, साध्या आवाजाला पण वाजतो. उणिवेत वाढलेल्या मुलाची भाषा मागे पडते, लक्ष धरून ठेवणं, मनाला आवरणं, ठरवून एखादी गोष्ट करणं, म्हणजे कपाळामागचा जो प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आहे त्याचं काम, ते उशिरा आणि अर्धवट जमतं. आणि फडावर काय असतं? दोन्ही. आई पहाटे चारला कोयता घेऊन जाते, बारकं झोळीत, झोळी गाडीच्या खाली नाहीतर बांधावरच्या झाडाला, त्याच्याशी बोलायला कोण तर सात-आठ वर्षांचं भावंडं. ही उणीव. रात्री अंधारात मागे येणारी गाडी, कोपीला दार नाही, दारू पिऊन ओरडणारा कोणीतरी. ही धास्ती. यात आईचा काय दोष आहे? ती एका दिवसाचा खाडा करू शकत नाही, खाड्याचे पैसे कापतात.

आईवरून आठवलं, हे एक सांगायलाच पाहिजे. ऑटिझमच्या बाबतीत पन्नास-साठच्या दशकात मोठमोठ्या तज्ज्ञांनी आयांना दोषी ठरवलं होतं, आई थंड स्वभावाची म्हणून मूल असं झालं, 'फ्रिजसारखी आई' असा शब्द होता. सपशेल चूक निघालं. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) यांच्यात आनुवंशिक भाग फार मोठा असतो, एडीएचडीत जुळ्यांच्या अभ्यासांतनं तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. म्हणून घरची परिस्थिती बोलली की लगेच आईकडे बोट दाखवणाऱ्यांपासून सावध राहा. मी पण तेच करत होतो काही वर्षं, पालक सभेत आयांना झापायचो, घरी लक्ष द्या म्हणून. कुठल्या घरी, ते विचारलं नाही कधी.

आता मुद्द्याची गोष्ट. जन्मजात आणि परिस्थिती या दोन गोष्टी एकमेकींना खायला घालतात. दोन्ही बाजूंनी पुरावा आहे.

एक बाजू रोमानियाची. तिथे चाउशेस्कू या हुकूमशहाने गर्भपातावर बंदी घातली होती, लोकांना पोरं पोसवेनात, ती सरकारी अनाथालयांत आली, १९८९ च्या डिसेंबरात त्याची सत्ता कोसळली तेव्हा जगाने बघितलं की लाखाच्या वर मुलं रांगेने पाळण्यांत पडलेली आहेत, जेवण मिळतं पण कोणी उचलून घेत नाही. त्यातली काही इंग्लंडमधल्या घरांनी दत्तक घेतली आणि मायकल रटर यांच्या टीमने अशा १६५ मुलांचा मोठेपणीपर्यंत माग काढला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली पोरं जवळजवळ ठीक, इतर दत्तक मुलांसारखी. सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांत मात्र एडीएचडीसारखी चंचलता कितीतरी जास्त, आणि चांगल्या घरात वीस-वीस वर्षं काढूनही बऱ्याच जणांत टिकलेली. अजून एक गोष्ट आहे जी मला रात्री झोपताना आठवते, त्यांची बुद्धी मागे होती ती हळूहळू भरून आली, पण उदासी आणि चिंता मात्र तरुणपणी वर आली, जी लहानपणी तेवढी दिसत नव्हती. म्हणजे आपण म्हणतो ना, लहानपणी चांगला होता हो, आता कॉलेजात काय झालं कुणास ठाऊक. आणि तरी, त्या सहा महिन्यांच्या वरच्या गटात पण साधारण पाचातल्या एकाला कधीच काही त्रास दिसला नाही. का, ते शोधायचं काम अजून चालू आहे, पण नशिबाची रेघ वगैरे काही नसते एवढं तरी त्यावरून कळतं.

दुसरी बाजू उलटी. ज्या मुलात आधीच काही वेगळं आहे त्याच्या वाट्याला मार जास्त येतो. लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात २०१२ ला बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून आलं होतं, अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट. यात काय नवल आहे, आपल्याच घरी बघा ना. शांत पोराला कोण मारतं? जे सारखं उठतं, सांगितलेलं विसरतं, दप्तर हरवतं, शब्द उलटा वाचतं त्यालाच पडतात. आणि मार पडला की अलार्म अजून चलाख, अलार्म वाजला की लक्ष अजून उडतं, लक्ष उडालं की अजून मार. मी स्वतः या रहाटाला हात लावलाय, धपाटा घालून. २००७ ला महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत मुलांवरच्या अत्याचाराचा अभ्यास केला होता, महाराष्ट्र पण होता त्यात, शाळेत जाणाऱ्या मुलांतल्या ६५ टक्क्यांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. त्यानंतर शिक्षण हक्क कायदा आला, कलम १७ ने मारायला आणि मानसिक छळायला पण बंदी आहे. कायदा मला पाठ होता. धपाटा तरी घातलाच.

इथे कोणीतरी म्हणणारच की आम्ही पण मार खाल्ला, आमचं काय बिघडलं, उलट मास्तरांनी मारलं म्हणून आज इथे आहोत. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर महिन्यातनं एकदा हा मेसेज फिरतो, खाली दहा जण अंगठे दाखवतात. मी एकदा पहिलीचं जुनं हजेरीपत्रक काढून बघितलं. पहिलीला आम्ही ४१ होतो. दहावीच्या ग्रुपवर त्यातले १७ आहेत. मार खाऊन काय झालं हे ज्यांना विचारायला पाहिजे ते २४ जण ग्रुपवर नाहीतच, कोणी चौथीत सुटला, कोणी सातवीत. एक जण स्टँडवर पडलेला असतो, पोरीतल्या दोघींची लग्नं पंधराव्या वर्षी झाली.

लग्नाचं निघालंच आहे तर, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांच्या वर अशा होत्या ज्यांचं लग्न १८ च्या आत झालं. पोरीला फडावर न्यायची भीती आणि मागे ठेवायची पण भीती, म्हणून लग्न. पोरगा चंचल असला की निदान शिव्या तरी खातो, दिसतो तरी. पोरगी खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली असते, तिला आपण 'शांत, सालस' असं प्रगतिपुस्तकात लिहितो. मी किती जणींना लिहिलं असेल.

आता त्या दोन खिडक्या. पहिली खिडकी बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, चांगली गोष्ट आहे. एडीएचडी त्यात वेगळा नाहीच. अध्ययन अक्षमता ठरवायची तर जगभर जे डीएसएम नावाचं निदानाचं पुस्तक वापरतात त्यात अट आहे की वाचन-लेखनातली अडचण ही सामाजिक-मानसिक हालाखीमुळे किंवा शिकवणं नीट न मिळाल्यामुळे आलेली नसावी. अट ठेवण्यामागचं कारण मला कळतं, नाहीतर ज्याला शाळाच मिळाली नाही त्या प्रत्येकाला आजारी ठरवतील. पण माझ्या वर्गातल्या त्या पोराच्या बाबतीत याचा अर्थ काय झाला? वर्षातले पाच-सहा महिने शाळा नाही, घरी हालाखी, म्हणजे त्याला ध आणि घ कळत नाही याचं कारण आधीच ठरलं, खरोखर मेंदूत काही अडचण आहे का हे बघायच्या आधीच. जो जितका जास्त सोसतो त्याला ही खिडकी तितकी बंद. शहरातल्या चांगल्या शाळेतल्या पोराला हेच लवकर मिळतं, ज्यादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, मिळायलाच पाहिजे. पण मग आमच्याकडे अशी पोरं नसतातच असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे फक्त 'ढ' असतात.

दुसरी खिडकी बालकल्याण समितीची. ती अनाथ, टाकलेलं, पळवलेलं, अत्याचार झालेलं मूल बघते. ह्याचे आई-बाप आहेत, जीव लावतात, स्वतःच्या ताटातलं देतात. इथे तक्रार तरी कोणावर करायची?

तिसरी एक खिडकी खरं म्हणजे दोन्ही जोडू शकली असती, ती म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये आपल्याच पालघरात सुरू झाला. डॉक्टरांची टीम गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातनं दोनदा, शाळेत एकदा येते, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासते, वाढ-विकास मागे आहे का ते पण बघायचं असतं, आणि पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी सेंटरला, म्हणजे लवकर निदान-उपचाराच्या केंद्राला पाठवायचं. कागदावर मला याच्याइतकं शहाणं काही दिसत नाही. आमच्याकडे त्या वर्षी टीम आली ती डिसेंबरात. पटावर ३८, हजर १९. टीमने १९ पोरांचे दात, डोळे, कान तपासले, वजन घेतलं, रजिस्टर भरलं, शाळा पूर्ण झाली. बाकीचे १९ शंभर-दीडशे किलोमीटरवर उसात. टीमची चूक नाही, त्यांना जो दौरा दिला तो त्यांनी केला. पण हंगाम कधी असतो हे कारखान्याला माहीत, मुकादमाला माहीत, एसटी डेपोला माहीत, आणि दौरा आखणाऱ्यालाच कसं माहीत नसतं? जूनला या ना. नाहीतर डिसेंबरात फडावर जा, कोणत्या कारखान्याकडे कोणती टोळी आहे याची यादी कारखान्याकडे असतेच, उचलीचा हिशेब त्यावरच चालतो.

हे करणं महाग आहे का? उलट सगळ्यात स्वस्त भाग तोच आहे. जमैकात किंग्स्टन शहरात १९८६-८७ ला सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर यांनी एक काम केलं. वाढ खुंटलेली १२९ मुलं, ९ ते २४ महिन्यांची. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातनं एक तास जायची, दोन वर्षं, आणि आईला सोबत घेऊन मुलाशी खेळायची. खेळणी पण घरगुती, डबे, चिंध्या, असलंच काहीतरी. ती मुलं १७-१८ ची झाली तेव्हा ज्यांच्याकडे सेविका आली होती त्यांच्यात उदासी कमी, चिंता कमी, लक्ष लागण्याच्या तक्रारी कमी. बाविशीत त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. आठवड्यातनं एक तास! आणि ती सेविका म्हणजे कोण, आपली अंगणवाडीताईच की.

आता आपली अंगणवाडीताई काय करते? पोषण ट्रॅकर नावाच्या सरकारी ॲपवर फोटो चढवते, नेट नाही म्हणून पत्र्यावर चढते, निवडणुकीच्या याद्या करते, आणि मानधनासाठी डिसेंबर २०२३ ला तिला बेमुदत संपावर बसावं लागलं. केंद्राने २०२४ मध्ये तीन वर्षांच्या आतल्या बाळांशी खेळण्या-बोलण्यासाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढलाय, चांगला आहे, वाचला मी. पण करायला माणूस तोच, आणि वेळ तेवढाच. आधी तिच्या गळ्यातलं ॲप काढा, मग तिच्या हातात खुळखुळा द्या. हे मी चेष्टेत म्हणत नाही. पोटाकडे पण बघावं लागेल, त्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्व्हेत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ६८.९ टक्के रक्ताल्पता होती, पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुंटलेली. लोह कमी असलं की वाढत्या मेंदूला ते भोवतंच, लक्ष न लागण्यात त्याचा पण वाटा असतो. धास्ती, उणीव आणि रिकामं रक्त, तिन्ही एकाच पोरात.

याचा अर्थ मोठ्या पोरांचं सोडून द्यायचं असा काढू नका. वयात येताना मेंदू परत एकदा मोठ्या प्रमाणात बदलतो, जोडण्या छाटल्या जातात, नव्या पक्क्या होतात, त्यामुळे १३-१४ व्या वर्षी मिळालेला एक भरवशाचा माणूस पण खूप काही करून जातो. तो मास्तर असेल, मामा असेल, वसतिगृहातली स्वयंपाकाची मावशी असेल. कोणी अगदीच खचलेलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून, फुकट आहे, मराठीत बोलतात, आमच्या शाळेच्या दारावर मी रंगवून घेतलाय. पण नंबर रंगवून माझं काम झालं असं मला वाटत नाही, कारण ज्या पोराला धास्तीत जगायची सवय झालीय त्याला आपल्याला काही होतंय हेच कळत नाही, तो फोन कशाला करेल.

मला शिक्षण खात्याकडून आणि आरोग्य खात्याकडून मोठं काही नको. शिक्षण हमी कार्ड पोरासोबत जातं आणि परत येतं, त्यात किती अक्षरं येतात, किती गणित येतं एवढंच असतं. त्यालाच एक पान जोडा. झोप कशी आहे, दचकतं का, बोलायला कधी लागलं, बारकं कोण सांभाळतं, रक्त किती, टीमने बघितलं का, कुठे पाठवलं. जिथे टोळी उतरेल तिथल्या अंगणवाडीने आणि आरोग्य केंद्राने तेच पान पुढे भरायचं. पोरगं 'जन्मतःच' की 'परिस्थितीने' हे त्या पानावर कुठे विचारूच नका. ते कळायची वाट न बघता जे द्यायचं ते देता येतं, झोप, भरवसा, खेळ, वाचनाला वेगळी पद्धत, गरज लागली तर डॉक्टर आणि औषध. अध्ययन अक्षमतेच्या त्या अटीवर पण राज्याने स्वतःचा विचार करावा, निदान स्थलांतर करणाऱ्या पोरांना आधी तीन-चार महिने नीट शिकवून बघा आणि तरी अडलं तर हालाखीचं कारण सांगून परत पाठवू नका, असा एक जीआर निघायला हरकत काय आहे. एवढे जीआर निघतात.

त्या पोराचं सांगतो. त्याला डीईआयसीला न्यायला मला दोन खेपा माराव्या लागल्या, पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर होते, दुसऱ्या खेपेला ते म्हणाले एडीएचडी वाटतोय पण झोप आणि भीतीचं आधी बघू, आणि मला ते आवडलं, कोणीतरी दोन्ही एकदम बोललं. रक्त ८ च्या खाली होतं, गोळ्या सुरू केल्या. वर्गात मी त्याची जागा बदलली, दाराशी बसवलं, जिथून रस्ता दिसतो. ध आणि घ साठी वाळूत बोटाने गिरवणं चालू केलं, हळूहळू येतंय. पुढच्या हंगामात आजीने बारकीला ठेवून घेतलं म्हणून तो पण गावात राहिला, हंगामी वसतिगृहात जेवायचा. हे दरवर्षी जमेल असं नाही, आजीचं वय झालंय.

आता तो सहावीत आहे. ट्रॅक्टर आला की अजून उठतो. दारापर्यंत जातो, गाडी पुढे जाईपर्यंत बघतो, आणि येऊन बसतो. मी तेवढा वेळ हजेरी थांबवतो, बाकीची पोरं पण आता काही म्हणत नाहीत. परवा एकजण फक्त म्हणाला, "सर, आज डबल ट्रॉली हाय, टाइम लागंल."